शुगर, त्सुकर, शेकेर आणि आपली साखर

रशियन माणूस साखरेला काय म्हणतो माहितीये? साखर. ख जरा घशातून खरवडत येतो एवढाच काय तो फरक, बाकी शब्द तोच. आता मराठी आणि रशियन या काही एकमेकींच्या शेजारी बसलेल्या भाषा नाहीत, मग हा योगायोग का? तर अजिबात नाही, आणि हे कसं झालं ते समजून घेतलं की भाषांमध्ये शब्द फिरतात कसे हे बऱ्यापैकी कळतं, म्हणून आज हा एकच शब्द घेऊन बसूया.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. दोन भाषांत शब्द सारखा दिसला की त्याची मुख्य कारणं दोन असतात (योगायोग सोडून). एक म्हणजे दोन्ही भाषा मुळात एकाच घरातल्या, जसं संस्कृतमधला द्वि आणि रशियनमधला द्वा, दोन्हीचा अर्थ दोन, हे कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, दोघांनाही वारशात मिळालंय. दुसरं म्हणजे सरळ उसनवारी, वस्तू आली, सोबत नाव आलं. साखर हे दुसऱ्या प्रकारचं प्रकरण आहे आणि म्हणूनच जास्त मजेदार आहे, कारण उसना शब्द ज्या ज्या हातातून जातो त्या प्रत्येक हाताचे ठसे त्याच्यावर उमटतात.

मूळ शब्द शर्करा. पण संस्कृतमध्ये शर्करेचा जुना अर्थ गोड वगैरे काही नव्हता, शर्करा म्हणजे बारीक खडे, वाळूची कच. आयुर्वेदात लघवीतून जाणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलंय, तिथे गोडाचा काही संबंध नाही. मग उसाचा रस आटवून, थंड करून त्यातून कोरडे दाणे काढायची युक्ती लोकांना जमली आणि हातात जे आलं ते दिसायला होतं खड्यांसारखं, म्हणून नाव पडलं शर्करा. चवीवरून नाही, हाताला जे लागलं त्यावरून.

जुन्या वैद्यकग्रंथांत उसापासून होणाऱ्या पदार्थांची एक चढती रांगच दिलेली आहे: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक, गुड म्हणजे गूळ, मत्स्यंडिका म्हणजे शब्दशः माशाची अंडी (पाकात पहिले बारीक दाणे धरायला लागतात ते डोळ्यासमोर आणा, नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे), खंड म्हणजे तुकडा, आणि सगळ्यात स्वच्छ ती शर्करा. ही रांग लक्षात ठेवा, कारण यातले बहुतेक शब्द पुढे वेगवेगळ्या रस्त्यांनी जगभर गेले. मत्स्यंडिका बिचारी तेवढी घरीच राहिली.

आता शर्कराची साखर कशी झाली ते बघू. बोलीभाषांमध्ये श चा स झाला, र्क हे जोडाक्षर जड वाटलं म्हणून र गळला आणि पुढचं अक्षर दुप्पट झालं, पालीत हा शब्द सक्खरा असा मिळतो. मग मराठीने तिचा नेहमीचा नियम लावला, दुप्पट अक्षर एकपट करायचं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवायचा. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. तसंच शर्करा, सक्खरा, साखर. एकदम शिस्तीत.

हिंदीतही हाथ, सात, काम सगळं हाच नियम पाळून झालंय, मग तिकडे शक्कर का आहे? स्वर लांबला नाही, अक्षर दुप्पटच राहिलं आणि वर श पण शाबूत, म्हणजे सगळंच नियमाबाहेर. असं दिसलं की समजायचं शब्द बाहेरून आलाय, आणि खरंच, शक्कर फारसीतून परत आलेला आहे. इथून गेला, तिकडे राहिला आणि तिकडचा पोशाख घालून माघारी आला.

आता ग्रीकांकडे. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कस या दर्या-सरदाराचा हवाला देऊन स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की भारतात मधमाशांशिवाय मध देणारे बोरू आहेत. या वर्णनात साखरेसाठी शब्दच नाहीये बघा. वस्तू नवीन आहे, नाव माहीत नाही, मग आपल्याला माहीत असलेल्या गोड गोष्टीचं, मधाचं नाव वापरायचं आणि खुलासा जोडायचा. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत परिस्थिती बदलली होती, हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती देणाऱ्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तिकेत 'साख्खारी नावाचं बोरूतलं मध' असा माल नोंदवलेला आहे. म्हणजे मधाचा आधार अजून सुटला नाही पण नाव आलं. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सांगतो की हे मिठासारखं असतं आणि दाताखाली फुटतं, तर रोमन लेखक प्लिनी म्हणतो याचा उपयोग फक्त औषधाला. तेव्हा तिकडे साखर हा खायचा पदार्थ नव्हताच मुळी, औषधांमधली एक दुर्मिळ चीज होती. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने उसाला शास्त्रीय नाव दिलं साक्करम ऑफिसिनॅरम, त्यातला ऑफिसिनॅरम हा शब्द औषधी दुकानात मिळणाऱ्या गोष्टींसाठी लावायचे, ती जुनी ओळख तिथे अजून चिकटलेली आहे.

ग्रीक शब्द साक्खारॉन, आणि त्यात तो ख आहे! संस्कृत शब्दात ख नाही, शर्करामध्ये साधा क आहे. ख आहे तो पालीतल्या सक्खरामध्ये, म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांनी हा शब्द पंडितांकडून नाही तर बंदरावर बोलणाऱ्या लोकांच्या तोंडून उचलला. रशियनने तो ग्रीककडून घेतला, मराठीला तो प्राकृतातून घरबसल्या मिळाला, दोघींनी ख सांभाळला, आणि म्हणून दोन टोकाच्या भाषा आज एकच शब्द बोलतात. ग्रीक आज झाखारी म्हणतात, बल्गेरियन आणि रुमानियन लोक झाहर म्हणतात, हा सगळा त्याच रस्त्यावरचा माल.

याच ग्रीक फांदीवर खूप उशिरा अजून एक पान फुटलं. १८७९ साली कॉन्स्टंटिन फाहलबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता, जेवताना हाताला गोड चव लागली आणि त्यातून साखर नसलेला पण साखरेपेक्षा शेकडो पट गोड पदार्थ सापडला. नाव ठेवलं सॅकरीन. म्हणजे ज्या पदार्थात साखर औषधालाही नाही त्याचं नाव साखरेचंच.

पण युरोपातले बहुतेक शब्द ग्रीक रस्त्याने आलेले नाहीत. मोठा हायवे गेला इराण आणि अरबस्तानातून. फारसीत शकर, त्यावरून अरबीत सुक्कर, आणि अरबांनी नुसतं नाव नाही तर ऊस लावायची आणि साखर काढायची विद्याच भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पुढे नेली. युरोपात अरबी सत्ता दोन बाजूंनी शिरली, एक स्पेनमधून, ७११ पासून, आणि दुसरी सिसिली बेटावरून, ८२७ पासून, आणि या दोन दरवाजांतून आत आलेले शब्द आजही वेगळे ओळखू येतात.

कसे ते सांगतो. अरबीत नामाच्या आधी अल हे उपपद (इंग्रजीतल्या 'द' सारखं) लावतात, आणि पुढचा शब्द स ने सुरू होत असेल तर त्यातला ल जाऊन तिथेही स येतो, म्हणून अल-सुक्कर असं न म्हणता अस-सुक्कर म्हणतात. स्पॅनिश लोकांनी ऐकला तो अख्खा तुकडा, उपपदासकट, आणि तोच शब्द म्हणून घेतला: अथूकार, लॅटिन अमेरिकेत त्याचा उच्चार आसूकार. पोर्तुगीजमध्ये असूकार. इटालियन लोकांनी मात्र उपपद सोडून नुसता शब्द घेतला, त्सुक्केरो. आणि हे साखरेपुरतं नाही बरं का, केशराचं पण सेम, स्पॅनिशमध्ये असाफ्रान तर इटालियनमध्ये झाफेरानो. कापूस, तिकडे अल्गोदोन, इकडे कोतोने. तेव्हा एखाद्या भाषेतला साखरेचा शब्द अ किंवा आ ने सुरू होत असेल तर बहुतेक तो स्पेन-पोर्तुगालच्या दारातून आलाय, जसं फिलिपिन्समध्ये टागालोग भाषेत आसुकाल म्हणतात, स्पॅनिश राजवटीची खूण.

इटालियन दारातून पुढे लांबलचक वरात निघाली. जर्मन त्सुकर, पोलिश त्सुकिएर, हंगेरियन त्सुकोर, फ्रेंच स्युक्र, आणि फ्रेंचवरून इंग्रजी शुगर.

इथे थोडं थांबायला पाहिजे कारण शुगर मधला श बघून लोक हमखास फसतात. वाटतं की अरे वा, शर्करामधला श इंग्रजीने अजून जपलाय! नाही हो. हा श वाटेत कधीच मेला होता, अरबीत स झाला, इटालियनमध्ये त्स, फ्रेंचमध्ये परत स. इंग्रजीत आल्यावर तिथल्या लोकांच्या उच्चारात स्यु चा शु झाला, हा त्यांचा घरगुती बदल. शुअर हा शब्द घ्या, स्पेलिंगमध्ये एस आहे आणि उच्चारात श, त्याचा भारताशी सुतराम संबंध नाही, तरी श आलाच ना? तसाच शुगरमध्ये. हरवलेली वस्तू परत मिळाली नाही, त्याच जागी तशीच दिसणारी दुसरी आली.

खरा जुना श पाहिजे असेल तर तुर्कीत बघा. तुर्कांनी फारसीकडून थेट घेतला, शेकेर, आणि मग तुर्की साम्राज्याबरोबर तो बाल्कनमध्ये शिरला, सर्बियन आणि क्रोएशियन लोक शेचेर म्हणतात. आता गंमत बघा, युरोपातल्या त्या एवढ्याशा कोपऱ्यात सर्बिया तुर्की रस्त्याने, शेजारची बल्गेरिया ग्रीक रस्त्याने आणि वरची हंगेरी इटालियन-जर्मन बाजूने, अशा तीन वाटांनी आलेला एकच शब्द शेजारी शेजारी राहतोय. आणि त्यांच्यातच स्लोव्हेनिया, तिने सरळ आपल्या गोड या अर्थाच्या शब्दावरून स्लाडकोर असं स्वतःचं नाव बनवलं आणि या सगळ्या भानगडीतून अंग काढून घेतलं.

बाकीच्या भावंडांचं काय झालं? खंड फारसीत गेला आणि कंद झाला, त्यावरून अरबीत कंदी म्हणजे साखर लावलेलं, मग फ्रेंचमार्गे इंग्रजीत कँडी. आणि गुलकंदामधला कंद हा काही जमिनीखालचा कंद नाही, तो हाच, गुल म्हणजे फूल आणि कंद म्हणजे आपलाच खंड फारसीतून परत आलेला. तमिळमध्ये खडीसाखरेला कर्कंडु म्हणतात, त्यातला कल म्हणजे दगड आणि पुढे पुन्हा खंड. आपली खडीसाखर तर कमालच, खडी म्हणजे खडे आणि साखर म्हणजे मुळात खडे, तेव्हा खड्यांचेच खडे झाले ते. फाणितही गेलं, फारसीत पानीद आणि अरबीत फानीद होऊन.

गुड समुद्रमार्गे पूर्वेला गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषेत साखरेला गुला म्हणतात, गुळाला नाही, साखरेलाच, आणि गुला-गुला असं दोनदा म्हटलं की मलयमध्ये गोळ्या-चॉकलेटं. उलट पोर्तुगीज लोक केरळच्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांना चक्करा हा शब्द ऐकू आला, मल्याळममध्ये त्याचा अर्थ गूळ, मूळ परत शर्कराच. त्यांनी त्याचं जागरा केलं आणि इंग्रजांनी जॅगरी. म्हणजे इंग्रजीत जॅगरी, शुगर आणि सॅकरीन ही तिन्ही एकाच शर्करेची लेकरं, पण इंग्रजी बोलणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे. शब्दाचं नाव तेच राहून वस्तू मागेपुढे सरकणं हे नेहमीच होतं, अहो गुजरातीत साकर म्हणजे खडीसाखर, आणि रोजच्या साखरेला ते खांड म्हणतात!

चीनचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथल्या तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की ६४७ साली सम्राट ताइझोंगने साखर बनवायची रीत शिकायला माणसं मगधाला पाठवली. चिनी भाषेत थांग हा शब्द आधीपासून होताच, धान्याला मोड आणून केलेल्या गोड पाकासाठी, त्याच्यापुढे वाळू जोडून शाथांग केलं, वाळू-साखर. पुन्हा वाळूच! जपानीत त्याचंच सातो झालं. कोरियनांनी वाळूऐवजी बर्फ घेतला, सल्थांग, हिम-साखर, पांढरी शुभ्र दिसते म्हणून. आणि आता उलटा भाग, पुढे उत्तर भारतात स्वच्छ पांढऱ्या साखरेला नाव पडलं चीनी, म्हणजे चीनची, बंगाली, नेपाळीतही तेच, सिंहलीत सीनि. खड्याच्या साखरेला मिसरी, म्हणजे मिसर देशाची, इजिप्तची. जिथून विद्या शिकून गेले तिथेच माल त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आता मला यातला सगळ्यात आवडणारा भाग. साखर सोडा, उसाला काय म्हणतात ते बघा. मराठीत ऊस, संस्कृत इक्षु, पाली उच्छु, यात साखरेचा मागमूस नाही. पण जर्मनमध्ये उसाला म्हणतात साखरेचा बोरू, स्पॅनिशमध्ये साखरेचा वेत, रशियनमध्ये साखरी बोरू, अरबीतही साखरेचाच बोरू. असं का? कारण उसाचा रस काढल्यावर एका दिवसात आंबायला लागतो, तोडलेला ऊसही लांब नेऊन टिकत नाही, प्रवास करू शकतात ते फक्त कोरडे दाणे. त्यामुळे बाकी जगाने दाणे आधी पाहिले आणि झाड नंतर, आणि झाडाला दाण्याचं नाव दिलं. आपल्याकडे झाड आधी होतं म्हणून त्याला स्वतःचं नाव आहे आणि दाण्याला मिळालं खड्याचं.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण हवाई बेटांवर. ऊस मुळात न्यू गिनीकडचा, हजारो वर्षांपूर्वी तिथे लागवडीत आला, आणि पॅसिफिकमधले दर्यावर्दी लोक बेटाबेटावर जाताना तो बरोबर नेत होते. हवाईयन भाषेत उसाला म्हणतात को. साखर तिथे खूप नंतर पोचली, मग तिचं नाव पडलं को-पआ, म्हणजे घट्ट झालेला ऊस. तिकडे न्यूझीलंडच्या माओरी भाषेत मात्र साखर म्हणजे हुका, हे इंग्रजी शुगरचंच माओरी वळण, त्यांच्याकडे स नाही आणि ग पण नाही. थाई भाषेत नामतान, नाम म्हणजे पाणी आणि तान म्हणजे ताड (लिहिताना शेवटी ल असतो, बोलताना न होतो), म्हणजे ताडाचा रस, कारण त्यांची गोडी आधी ताडातून यायची. थोडक्यात कोणाच्या समोर काय आधी आलं ते नावात बसलेलं असतं, फक्त ते नाव उकलायला पाहिजे.

उकलताना एक काळजी मात्र घ्या, सारखं ऐकू आलं म्हणून नातं जोडून मोकळं व्हायचं नाही. अरबीत सुक्कर म्हणजे साखर आणि सुक्र म्हणजे नशा, तिन्ही व्यंजनं तीच, स, क, र. कोणालाही वाटेल की साखरेच्या रसापासून दारू, जमलं की! पण नशेचा शब्द हा सेमिटिक भाषांचा (म्हणजे अरबी, हिब्रू ज्या कुळातल्या त्यांचा) स्वतःचा, फार जुना, हिब्रूत शेखार म्हणजे कडक मद्य, तोच ग्रीक-लॅटिन-फ्रेंच असा फिरत इंग्रजीत सायडर झाला. साखरेचा सुक्कर मात्र फारसीचा पाहुणा. दोन्ही शब्द एकाच भाषेत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत आणि नात्याने कोणीच नाहीत.

म्हणून अभ्यासक नुसत्या आवाजावर जात नाहीत, प्रत्येक अक्षराचा हिशोब मागतात, हा बदल या भाषेत दुसऱ्या शब्दांतही झालाय का, आणि ज्या काळात शब्द गेला म्हणता त्या काळात वस्तू त्या वाटेने जात होती का. शर्करेच्या बाबतीत हा हिशोब जवळजवळ सगळा लागतो. अडतं ते एका अक्षरावर, शुगरमधल्या ग वर. फ्रेंचमध्ये क आहे, इटालियनमध्ये क, अरबीत क, मग इंग्रजांनी ग कुठून आणला? फ्रेंच फ्लाकों या बाटलीवाचक शब्दाचंही इंग्रजीत फ्लॅगन झालंय, तिथेही क चा ग, एवढी एक जोडी लोक दाखवतात, पण जोडी म्हणजे नियम नव्हे, आणि त्या ग चं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.